प्रश्न सातवा: शेजाऱ्याबद्दल मनातलं कसं विचारावं

गेल्या महिन्यात रायगडातल्या एका कॉलेजच्या चार मुलींनी मला त्यांची प्रश्नावली पाठवली. "काकू, एकदा नजर टाका, सोमवारी आम्ही फिल्डवर निघतोय." विषय होता, जिल्ह्यातल्या ज्यू आणि मुस्लिम समाजाबद्दल लोकांना काय वाटतं. मी मूळची पेणची, लग्न होऊन पनवेलला आले आणि पुढची सत्तावीस वर्षं पाहण्या करणाऱ्या निरनिराळ्या संस्थांसाठी दारोदार फिरले. साबण, टीव्ही मालिका, निवडणुका, लसीकरण, सगळं विचारून झालं. त्यामुळे अशी प्रश्नावली आली की मी आधी शेवटचं पान बघते, मग मधलं. प्रश्न सातवा असा होता:

"ज्यू व मुस्लिम अल्पसंख्याकांबद्दल आपला दृष्टिकोन कसा आहे? (अ) सकारात्मक (ब) नकारात्मक (क) तटस्थ."

म्हटलं, सोमवार विसरा. बसा इकडे.

नंतर आणखी दोन गटांनी हेच विचारलं, म्हणून जे तोंडी सांगितलं ते आता लिहून ठेवते.

या प्रश्नाचा पहिला घोटाळा उघड आहे. दोन समाज एका वाक्यात कोंबलेत. एकाबद्दल बरं आणि दुसऱ्याबद्दल वाईट वाटणाऱ्याने खूण कुठे करायची? दुसरा घोटाळा असा की "दृष्टिकोन" हा शब्द दारात उभं राहून कुणी वापरत नाही. आणि तिसरा म्हणजे "अल्पसंख्याक". रोह्याजवळ एका बाईंना मी हा शब्द वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, "ते शाळेत स्कॉलरशिपचा फॉर्म भरतात ते ना?" बरोबरच होतं त्यांचं. कागदावरचा शब्द त्यांच्यापर्यंत कागदावरूनच पोचला होता.

तेव्हा कामाची सुरुवात शब्दांपासून करा. गावात ज्या माणसाला जे म्हणतात ते आधी गोळा करा. चहाच्या टपरीवर दोन तास बसलात तरी होतं. मुसलमानांसाठी मुस्लिम, मुसलमान, मोहल्ल्यातले, कोकणी मुसलमान असे शब्द मिळतील, आणि प्रत्येकाचा सूर वेगळा असेल. ज्यूंच्या बाबतीत तर शब्द बदलला की माणूसच बदलतो. हे मी एका म्हाताऱ्या सुतारचाचांकडे शिकले. मुरुडच्या बाजूचं गाव. कागदावर छापलेलं होतं "यहुदी", म्हणून मी तसंच वाचलं. चाचांचा चेहरा आवळला. पॅलेस्टाईन, बॉम्ब, टीव्हीवर पाहिलेलं सगळं त्यांनी दहा मिनिटं सांगितलं, आणि मी "अत्यंत प्रतिकूल"वर खूण केली. चहा आला. सहज विचारलं, इथे पूर्वी शनवार तेली होते म्हणे? चाचा हसले. "होते ना! आमच्या बांधाला बांध. शनवारी घाणा बंद, म्हणून तर नाव. बापाने त्यांच्या दाराची चौकट केलेली." ती माणसं इस्रायलला गेली तेव्हा चौकट इथेच राहिली, याचं त्यांना वाईट वाटत होतं. एकाच माणसाने एकाच समाजाबद्दल पाऊण तासात दोन उत्तरं दिली होती, आणि दोन्ही खरी होती. कागदावर मात्र एकच चौकोन होता.

बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचा धंदा, शनिवारची सुट्टी, म्हणून शनवार तेली. गावावरून आडनावं घेतली. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर. आता गंमत बघा. दिवेकर हे चित्पावनांतही आहेत. परकार हे आडनाव मुसलमानांत आहे तसं हिंदूंतही आहे. पाटीवरचं आडनाव वाचून धर्माच्या रकान्यात खूण करणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि तसं करताना मी स्वतःही पकडली गेले आहे. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एक आजोबा म्हणाले, "आम्ही सणावाराला मशिदीत जातो." मी लगेच "मुस्लिम" लिहून मोकळी. रात्री सुपरवायझरने कागद समोर टाकला. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत आले होते. मुंबईत मांडवीला १७९६ साली बांधलेलं त्यांचं पहिलं सिनेगॉग "जुनी मशीद" म्हणून ओळखलं जायचं. मशीद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं त्या समाजातले लोक सांगतात. आणि पुण्यात कॅम्पातलं सिनेगॉग लोकांच्या तोंडी लाल देऊळ. एका धर्माच्या जागेला एका गावात मशीद, दुसऱ्या गावात देऊळ. हे ज्याला ठाऊक नाही त्याने रायगडात धर्माचा रकाना भरू नये. विचारा आणि ते सांगतील तेच लिहा.

आता कुणी जायचं ते. मुली म्हणाल्या, "आम्ही चौघी आहोत, घरं वाटून घेऊ." वाटून घ्या, पण कुठलं घर कुणी केलं हे प्रत्येक कागदावर लिहा. का ते सांगते. कित्येक वर्षं माझी जोडीदारीण महाडची होती. तिचं नाव ऐकलं की धर्म कळायचा. माझ्या कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र. एकाच इमारतीत ती सम नंबरची घरं करायची, मी विषम. रात्री लॉजवर कागद जुळवायला बसलो की माझ्या गठ्ठ्यात "नको" जास्त आणि तिच्या गठ्ठ्यात "आम्हाला सगळे सारखेच" जास्त. जिना तोच, माणसंही तीच. मला लोक दार लोटून हळूच सांगायचे, "तुम्ही आपल्यातल्या म्हणून बोलतोय." तिला पाणी विचारायचे, खुर्ची द्यायचे आणि कौतुकाने सांगायचे की आमचा फॅमिली डॉक्टर मुसलमानच आहे. ती एकदा म्हणाली, "तुझ्या कागदावर त्यांचं मन आहे आणि माझ्या कागदावर त्यांची लाज. दोन्ही जपून ठेव." मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं. नंतर कळलं की पाहणीशास्त्रात यावर जाडजाड पुस्तकं आहेत. विचारणारा बदलला की उत्तर बदलतं. त्यावर औषध नाही, फक्त नोंद आहे. तेव्हा नोंद करा.

तसंच, खोलीत आणखी कोण होतं तेही लिहा. सासू शेजारी बसलेली असताना सून काय बोलेल ते सासूला ऐकू जाण्यासाठी असतं. नवरा तर उत्तरच देऊन टाकतो. अशा वेळी मी म्हणायचे, "साहेब, तुमचाही फॉर्म भरायचाय, आधी त्यांचा होऊ दे." अर्धे साहेब तेवढ्यात उठून अंघोळीला जातात.

मुख्य प्रश्न मात्र शिडीसारखा विचारायचा. ही युक्ती जुनी आहे, बोगार्डस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली मांडलेली. "कसं वाटतं" विचारायचंच नाही, "कुठपर्यंत चालेल" ते विचारायचं. पण त्याच्या पायऱ्या त्याच्या देशाच्या. आपल्याकडच्या पायऱ्या मी अशा लावत असे: तुमच्या आळीत त्यांनी दुकान घातलं तर? शेजारच्या घरात राहायला आले तर? तुमच्या घरी जेवायला बोलवाल? त्यांच्या घरी शिजलेलं खाल? तुमचा मुलगा त्यांच्याकडे रात्री मुक्कामाला राहिला तर? सोयरीक? प्रत्येक पायरीला हो, नाही, सांगता येत नाही.

पुस्तकात शिडी सरळ चढते. म्हणजे जो चौथ्या पायरीवर हो म्हणतो तो खालच्या तिन्हींवर हो म्हणालेलाच असतो. आपल्याकडे तसं नाही. ईदला डबा भरून बिर्याणी आणणारा आणि वर्षभर तिची आठवण काढणारा माणूस घर भाड्याने देताना हात आखडतो. उलट एक शाकाहारी मास्तर मला भेटले. त्यांनी मुसलमान कुटुंबाला वरचा मजला आनंदाने दिला होता, पण त्यांच्याकडचं पाणीही पीत नव्हते. म्हणून शिडीची बेरीज करून एक आकडा काढू नका. पायरी-पायरीचा हिशेब वेगळा ठेवा.

आणि कारण विचारलंत तर त्या कारणाचीही परीक्षा घ्या. सर्वांत ऐकू येणारं कारण म्हणजे "नॉनव्हेज". हे उत्तर मी एका आगरी आळीत लिहून घेतलंय, मागच्या चुलीवर सुकट भाजल्याचा वास येत असताना! त्या दिवसापासून मी जोडप्रश्न घालायला लागले: "मटण-मासे खाणारं मराठा किंवा कोळी कुटुंब आलं तर?" तिथे हो आलं तर कारण सुकट नाही, एवढं तरी कागदावर येतं. जैन सोसायटीत दोन्हीकडे नाही आलं तर ते उत्तर वेगळं वाचायचं. सोयरिकीचंही असंच. मुलगी मुसलमानाला द्याल का, एवढंच विचारून नाही आलं म्हणून "मुस्लिमद्वेष" असं लिहिणाऱ्याला मी पहिलं विचारेन, दुसऱ्या जातीत द्याल का हे विचारलंस का? प्यू या अमेरिकन संस्थेने २०१९च्या नोव्हेंबरपासून २०२०च्या मार्चपर्यंत भारतभर २९,९९९ प्रौढ माणसांना १७ भाषांत समोर बसून विचारलं होतं. आपल्या धर्मातल्या बायकांना बाहेर लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं आहे, असं ६७ टक्के हिंदू म्हणाले आणि ८० टक्के मुसलमान. जातीबाहेरचं लग्न रोखणं फार महत्त्वाचं म्हणणारेही दहातले सहाहून जास्त निघाले. सोयरीक ही आपल्याकडे सगळ्यांनाच नकार देणारी पायरी आहे.

त्याच पाहणीतले दोन आकडे मी मुलींना फळ्यावर लिहायला लावले. सर्व धर्मांचा आदर करणं हे खरा भारतीय असण्यासाठी फार महत्त्वाचं, असं म्हणणारे ८४ टक्के. मुसलमान शेजारी नको म्हणणारे हिंदू ३६ टक्के. (हिंदू शेजारी नको म्हणणारे मुसलमान १६ टक्के, मुसलमान शेजारी नको म्हणणारे जैन ५४.) एक मुलगी म्हणाली, "मग लोक खोटं बोलले." नाही गं. आदर हा लांबूनही करता येतो. तुमच्या प्रश्न सातव्यात या दोन गोष्टी एकाच "सकारात्मक"खाली गेल्या असत्या.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येते. मत विचारणं सोपं असतं. काय घडलं ते विचारा.

अमेरिकेत लापियर नावाचा एक प्राध्यापक होता. १९३०च्या सुमारास, तिथे चिनी लोकांबद्दल बराच राग असताना, तो एका चिनी जोडप्याला घेऊन मोटारीने देशभर हिंडला. अडीचशेवर हॉटेलांत आणि खाणावळींत ते गेले, नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. मग त्याने त्याच हॉटेलांना पत्र पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? ज्यांनी उत्तर पाठवलं त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त "नाही" म्हणाले. पत्रात नकार आणि प्रत्यक्षात खोली दिली. १९३४ साली त्याने हे छापलं.

आपल्याकडे हे उलटं चालतं, आणि त्याचं उदाहरण लांब शोधायला नको. मीच आहे. सासऱ्यांची पनवेलला एक वन रूम किचनची जागा होती. २०१४ साली ती भाड्याने द्यायची ठरवली. एजंटचा फोन आला. "मॅडम, पार्टी एक नंबर आहे. दोघंच नवरा-बायको, तो बँकेत. डिपॉझिट लगेच. फक्त नाव ऐकून घ्या." नाव ऐकलं. मी नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, "सोसायटीला काय चालतं ते बघा ना, मला काही नाही." एजंट म्हणाला, "समजलं मॅडम." काय समजलं त्याला? मी तर काहीच बोलले नव्हते. दोन दिवसांनी त्याने दुसरं कुटुंब आणलं, करार झाला. सोसायटीच्या सेक्रेटरींना नंतर जिन्यात विचारलं तर ते म्हणाले, "आमचा कसलाच नियम नाही, मालकाची मर्जी." म्हणजे मी सोसायटीवर ढकललं, सोसायटीने मालकावर, आणि एजंटाने दोघांच्या मनातलं ओळखून माणूस परस्पर वळवला. त्या संध्याकाळी कुणी पाहणीवाली माझ्या दारात येऊन विचारती, "मुस्लिम भाडेकरू चालेल का?" तर मी ठामपणे "हो"वर बोट ठेवलं असतं आणि तिला सरबतही दिलं असतं.

म्हणून माझ्या पुढच्या प्रश्नावल्यांत मी असे प्रश्न घालायला लावले. तुमच्या इमारतीत गेल्या पाच वर्षांत किती घरं भाड्याने गेली? कुणाकुणाला? कुणाला नाकारलं गेल्याचं ठाऊक आहे? नाकारताना काय शब्द वापरले? ते शब्द कोण बोललं, मालक, सोसायटी की एजंट? शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात. हसले की समजा, ठाऊक आहे. तेही कंसात लिहून ठेवा. मोहल्ल्यात याच्या उलट बाजूने विचारा: घर शोधताना पहिल्यांदा नाव कधी सांगितलंत, फोनवर की जागा बघून झाल्यावर? हा प्रश्न मी एका तरुण मुसलमान शिक्षिकेला विचारला होता. ती म्हणाली, "आधीच सांगते. रिक्षाचे पैसे वाचतात."

ज्यूंच्या बाबतीत हे घडलेलं विचारणं जमत नाही. माणसंच उरली नाहीत. देशभरात मिळून चार-साडेचार हजार असतील. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा पुष्कळांना ते इथे आहेत हेच पहिल्यांदा कळलं. गणित करा: प्यूसारखी तीस हजारांची पाहणी केली तरी त्यात सरासरीने एकही ज्यू यायचा नाही. मग बाकीचे लोक त्यांच्याबद्दल उत्तर देतात ते कुणाबद्दल? यासाठी एक चोरटी युक्ती आहे. हार्टली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली आपल्या प्रश्नावलीत तीन खोटेच समाज घातले होते, डॅनिरियन, पायरेनियन, वॅलोनियन. जगात नसलेल्या या लोकांनाही विद्यार्थ्यांनी शेजारी नको म्हटलं, आणि ते म्हणणारे बहुतेक तेच निघाले जे खऱ्या समाजांनाही नको म्हणत होते. तुम्हीही एक खोटं नाव यादीत घाला. त्यालाही जो नको म्हणतो, त्याचं ज्यूंबद्दलचं "नको" ज्यूंबद्दलचं नसतं.

आणि कौतुक आलं म्हणून हुरळू नका. रायगडात, पुण्यात, मुंबईत ज्यूंबद्दल विचारलंत की दहातल्या बऱ्याच जणांच्या तोंडी पहिलं वाक्य येईल, "हुशार लोक. इस्रायल बघा, कसा धडा शिकवतो." धडा कुणाला, हे विचारायची गरज पडत नाही. म्हणजे ज्यूंबद्दल विचारलेल्या प्रश्नाला मुसलमानांबद्दलचं उत्तर आलं. चाचांच्या बाबतीत झालं त्याचंच हे दुसरं टोक. म्हणून देश आणि समाज वेगळे काढा. इस्रायल सरकारबद्दल एक प्रश्न, पाकिस्तानबद्दल एक, मग इथल्या बेने इस्राएलांबद्दल आणि इथल्या मुसलमानांबद्दल दोन निरनिराळे, मध्ये चार साधे प्रश्न घालून. क्रमही निम्म्या कागदांवर उलटा करा. आधी पाकिस्तान विचारलंत तर पुढच्या उत्तराला त्याचा वास लागतो.

"हिटलर" हा शब्द ऐकलात तर थांबा. आपल्याकडे कडक हेडमास्तर हिटलर, शिस्तीची सासू हिटलर, "देशाला एक हिटलर पाहिजे" हे तर बसमध्येही ऐकू येतं. असं म्हणणाऱ्याच्या डोक्यात बहुधा ज्यू नसतातच, लोकलची वेळ असते. २००६ साली खारघरला त्याच्या नावाने एक उपाहारगृह निघालं होतं. ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर मालकाने नाव बदललं. द्वेषापेक्षा अडाणीपणा होता, असं माझं मत. पण ज्यांच्या माणसांना जाळलं त्यांना हा फरक किती गोड लागेल, हे मला सांगता येणार नाही. तुम्ही ते "ज्यूविरोधी" या रकान्यात टाकू नका, गाळूही नका. वेगळी ओळ लिहा.

ज्यांच्याबद्दल विचारताय त्यांनाही विचारा. नॉर्वेत २०११पासून ज्यू आणि मुसलमान या दोघांबद्दलची मतं मोजतात, आणि पुढच्या फेऱ्यांत त्यांनी त्या दोन समाजांतल्या माणसांनाही विचारायला सुरुवात केली. आपल्याकडे हे फार कमी होतं. पण थेट "तुम्हाला इथे कसं वागवतात?" असं नका विचारू. "चांगलं वागवतात" याशिवाय दुसरं उत्तर अनोळखी माणसाला कोण देईल? नाव सांगताना, बँकेत, पोराच्या शाळेत, नोकरीच्या मुलाखतीत काय झालं ते विचारा. एका बेने इस्राएल आजींकडे मी असंच खोदत बसले होते. समोर मलिद्याची थाळी, गोड पोहे, त्यात खोबरं. आजी म्हणाल्या, "आम्हाला इथे कुणी वेगळं म्हटलं नाही. वेगळं म्हटलं ते तिकडे." भाऊ इस्रायलमधल्या दिमोनाला गेला होता. साठीच्या दशकात तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या पिढ्या तपासा. खरे ज्यू आहेत की नाहीत, म्हणून. निदर्शनं झाली, १९६४ साली तिथल्या संसदेने ठराव केला, तेव्हा प्रकरण मिटलं. "इथे तेली म्हणाले, तिथे काळे म्हणाले," एवढं बोलून आजींनी थाळी पुढे सरकवली. माझ्या कागदावर या वाक्यासाठी जागा नव्हती, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं.

आणखी एक युक्ती, ज्यांच्याकडे माणूसबळ आहे त्यांच्यासाठी. लोकांना नाव घेऊन कबूल करायला लाज वाटते, तर आकडा विचारा. निम्म्या घरांना तीन गोष्टींची यादी द्या: रात्रीचा लाउडस्पीकर, कमी दाबाचं पाणी, भटकी कुत्री. यांतल्या किती गोष्टींचा त्रास होतो, फक्त आकडा सांगा, कुठल्या ते नको. उरलेल्या निम्म्यांना तीच यादी, पण चौथी ओळ जास्त: शेजारी मुसलमान कुटुंब. समजा पहिल्या गटाची सरासरी १.८ आली आणि दुसऱ्याची २.१, तर फरक ०.३, म्हणजे शंभरातल्या तिसांना चौथी ओळ खुपते. कोण ते कुणालाच कळत नाही. पण साठ-सत्तर घरांत हे करू नका, अर्थ नाही. शंभर माणसांच्या साध्या टक्केवारीतसुद्धा दहा टक्के इकडे-तिकडे होतात. चारशे घरं केलीत तर पाच. तुमचं कॉलेज साठ घरं म्हणतंय ना? मग टक्के काढूच नका. "साठपैकी एकवीस" असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्यालाच कळेल की किती थोडी माणसं बोलली.

"सांगता येत नाही" हा चौकोन मात्र कधी काढू नका. मार्गदर्शक सर म्हणतील की त्याने तक्ता विस्कटतो. विस्कटू दे.

मोजमापाला मी दहा गुणांऐवजी आणे वापरते. साठीच्या पुढच्या माणसाला "एक ते दहामध्ये किती विश्वास" म्हटलं की तो गोंधळतो; "रुपयात किती आणे भरवसा?" म्हटलं की पटकन "बारा आणे" म्हणतो, आणि उरलेले चार आणे कुठे गेले ते न विचारता सांगतो. तरुणांना आणे कळत नाहीत. त्यांना मोबाइलची बॅटरी चालते, किती टक्के चार्ज.

वेळेचं बघा. मोहल्ल्यात शुक्रवारी दुपारी जाऊ नका, इस्राएल आळीत शनिवारी नको, आणि कोळीवाड्यात होड्या परत येतात त्या वेळेला कुणाच्याच दारात नको. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तर घरीच बसा. प्रत्येक कागदावर तारीख घाला आणि त्या आठवड्यात बातम्यांत काय चालू होतं ते एका ओळीत लिहा. २६ नोव्हेंबर २००८ नंतर महिनाभर केलेले माझे कागद मी वेगळ्या पिशवीत ठेवले होते. हल्ल्यात नरिमन हाऊसमधली ज्यू माणसंही मारली गेली, सीएसटीवर मुसलमान प्रवासीही. त्या महिन्यात मात्र लोकांच्या बोलण्यात फक्त मारणारे होते.

मुली शेवटी बुधवारी निघाल्या. प्रश्न सातवा गेला, त्याच्या जागी अकरा छोटे प्रश्न आले. दुपारी त्यांच्यातलीच एक, परकार, तिचा फोन आला.

"काकू, पहिल्याच घरात आजोबांनी आधी माझं आडनाव विचारलं. सांगितलं. मग म्हणाले, परकार म्हणजे आपल्यातले की त्यांच्यातले?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आधी तुमचा फॉर्म भरू या."

"ते कागदावर लिहिलंस का?"

"मागच्या बाजूला."